वीस वेळा बंद, वीस वेळा चालू

सोमवारी सकाळी एक मेल आली. कुठल्यातरी लांबच्या देशातल्या एका बाईंनी लिहिलं होतं की नवं कर्नल घातल्यापासून लाईट गेली की त्यांच्या फाइली जातात. नाव जागेवर, आकार जागेवर, आणि उघडून बघावं तर आत नुसती शून्यं. जुन्या कर्नलवर असं एकदाही झालं नव्हतं.

आधी थोडं सांगून टाकते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. कॉम्प्युटरच्या अगदी तळाशी जो प्रोग्राम चालतो तो कर्नल, आणि आपली फाइल डिस्कवर कुठे ठेवायची, परत कशी शोधायची हे बघणारा त्याचा एक भाग म्हणजे फाइल सिस्टिम. आमची फाइल सिस्टिम कुणा एका कंपनीची नाही. जगभरातली माणसं मिळून ती लिहितात. एखादा छोटा बदल करायचा, सगळ्यांना मेलने पाठवायचा, बाकीचे त्यावर तुटून पडणार, आणि त्यातून टिकला तर तो आत जाणार. या बदलाला पॅच म्हणतात. मी दिवसा पुण्यातल्या एका कंपनीचं काम गावातल्या घरातून करते आणि उरलेल्या वेळात हे. दोन वर्षं नुसत्या दुसऱ्यांच्या पॅचच्या चाचण्या केल्या. मग माझा स्वतःचा पहिला पॅच आत गेला, आणि तो ह्याच नव्या कर्नलमध्ये होता.

बरं, तो नेमका डिस्कवर लिहिण्याबद्दलचाच. फाइल लिहिताना एके ठिकाणी डिस्कचं 'पक्कं झालं' ऐकायला दोनदा थांबावं लागायचं. दुसऱ्यांदा थांबणं मला फुकटचं वाटलं, ते मी काढून टाकलं. काम जलद झालं, लोकांनी कौतुक केलं. तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तर मंचरच्या बाजारात भेटेल त्याला सांगितलं की आमच्या पोरीचं काम आता साऱ्या जगाच्या कॉम्प्युटरात गेलंय. मी वरवर रागावले, पण आतून फुगले होते, खोटं कशाला बोलू.

तर ती मेल वाचल्यावर मनात पहिलं काय आलं? देवा, माझा नको. दुसऱ्या कुणाचाही निघू दे, पण माझा नको.

आधी नीट चालणारं काहीतरी नव्या बदलाने बिघडलं की आमच्यात त्याला रिग्रेशन म्हणतात. ते हुडकायची पद्धत सरळ आहे. जुनं कर्नल चांगलं, नवं खराब, मधे एकामागून एक आत गेलेले दोनशे पॅच. मधोमधचा घ्यायचा, तिथपर्यंतचं कर्नल बनवायचं, चाचणी करायची. खराब निघालं तर चूक आधीच्या अर्ध्यात, चांगलं निघालं तर नंतरच्या. पुन्हा त्या अर्ध्याचं अर्धं. सात-आठ वेळा असं केलं की एकच पॅच हातात उरतो. फक्त एक अट आहे. एका जरी पायरीवर उत्तर चुकलं, तर पुढचं सगळं चुकीच्या अर्ध्यात शोधत बसायचं.

आणि मुदत होती रविवारची. तोवर फक्त चाचणीसाठी दिलेलं ते कर्नल रविवारी पक्कं म्हणून सगळ्यांसाठी बाहेर पडणार होतं. त्याआधी सापडलं तर तेवढा एक पॅच काढता येणार होता. नाहीतर ते जगभर जाणार, आणि लाईट जाईल तिथे तिथे कुणाच्यातरी फाइली पुसणार.

माझ्या कॉम्प्युटरच्या आतच एक नकली कॉम्प्युटर चालवून तो मधेच बंद पाडला, तर चूक दिसेना. डिस्कच्या पोटातलं अर्धवट राहिलेलं खरोखर जायला हवं, म्हणजे खरी वीजच तोडायला हवी. तेव्हा मी माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली काढला, पडवीतल्या टेबलावर ठेवला आणि भिंतीवरच्या बोर्डाला जोडला. चालू झाला की तो आपोआप फाइली लिहायला लागणार, मधेच बटण बंद करायचं, दहापर्यंत मोजायचं, परत चालू करायचं. तो उठून सगळ्या फाइली तपासणार आणि शून्यं सापडली की तसं लिहून ठेवणार. एका कर्नलला वीस वेळा. एकदा जरी शून्यं निघाली तरी ते खराब.

बुधवारी दोन पायऱ्या झाल्या. शंभरावा पॅच खराब, पन्नासावा चांगला. माझा साठावा होता. म्हणजे पन्नास आणि शंभरच्या मधे मी अगदी बरोब्बर अडकलेली. त्या दिवशी ताट समोर ठेवून मी पॅचची यादीच चाळत बसले. तात्या दोनदा म्हणाले, "जेव की गं, काय वाघ लागलाय का मागं?" आमच्याकडे हे बोलणं अगदीच हसण्यावारी नेण्याजोगं नाही, उसात बिबट्या असतोच. पण मला तेव्हा बिबट्या परवडला असता.

गुरुवारी सकाळपासून दुरुस्तीसाठी लाईट बंद. वीज तोडून बघायची तर आधी ती यायला नको का! मी नुसती येरझाऱ्या घालत होते. दुपारी तीनला आली तेव्हा पंचाहत्तराव्या पॅचचं कर्नल तयार होतं, आणि नेमकी तेव्हाच माझ्या कंपनीची मीटिंग सुरू झाली.

तात्या म्हणाले, "मी करतो. वायरमनला काय शिकवती खटका दाबाया?"

तात्यांनी आख्खी नोकरी साखर कारखान्यात वायरमन म्हणून केली आहे. मी कानाला हेडफोन लावता लावता सांगितलं, "वीस वेळा बंद करायचं, वीस वेळा चालू. मधे दहा आकडे मोजा." एवढंच सांगितलं. मीटिंग संपवून आले तर तात्यांनी कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने वीस रेघा ओढून ठेवलेल्या, आणि कॉम्प्युटर सांगत होता की एकही फाइल खराब नाही.

पंचाहत्तर चांगला! म्हणजे साठावाही चांगला, म्हणजे मी सुटले. माझ्या खांद्यावरून पोतं उतरल्यासारखं झालं. पुढच्या पायऱ्या शुक्रवारी कंपनीला सुट्टी टाकून मी स्वतः भराभर केल्या. सत्त्याऐंशी खराब, एक्याऐंशी खराब, अठ्ठ्याहत्तर खराब, शहात्तरही खराब. पंचाहत्तर चांगला आणि शहात्तर खराब, म्हणजे दोषी शहात्तरावा. तो कुणा एका परक्या माणसाचा होता, मी त्याला फक्त मेलमधून ओळखायची. खात्रीसाठी तेवढा शहात्तरावा काढून कर्नल बनवलं. तेव्हा मी मेल लिहायला घेतली होती, म्हणून बटणाशी पुन्हा तात्या बसले. पुन्हा वीस रेघा, पुन्हा सगळ्या फाइली शाबूत.

मी मेल सगळ्यांना पाठवली. त्या माणसाचं नाव, त्याचा पॅच, 'खात्री केली आहे' असं ठणकावून. संध्याकाळी शिरा केला, तोही साजूक तुपातला. दुसऱ्याच्या गळ्यात दोरी अडकवून मी शिरा खाल्ला.

शनिवारी सकाळी आमच्यातल्या एका जुन्या, जाणत्या बाईंची मेल आली. आवाज न चढवता त्यांनी विचारलं होतं की हा पॅच तर फक्त मोकळी जागा मोजायची पद्धत बदलतो, फाइलीच्या आतल्या मजकुराला हातही लावत नाही. मग शून्यं कशी येतील? आणि एका 'चांगला'नंतर ओळीने सगळे 'खराब' आलेत, तर तो 'चांगला' परत तपासलात का?

नव्हता तपासला.

मला कुणी गालावर चापट मारावी तसं झालं. पण खरं सांगू का, पहिला अर्धा तास मी त्यांना उलट उत्तर देण्यातच घालवला. तीन वेळा लिहिलं, तीन वेळा पुसलं. ओळीने चार खराब आल्यावर कुणाच्याही मनात शंका यायला हवी. दुसऱ्या कुणाची चाचणी असती तर मीच पहिली ओरडले असते. मला उत्तर आवडलं होतं, म्हणून मी हात लावला नाही.

पंचाहत्तरावं कर्नल पुन्हा घातलं. तात्यांना म्हटलं, "परवा केलं तसंच करून दाखवा, मी बघते."

तात्या स्टूल ओढून बसले. कॉम्प्युटर सुरू झाला, लिहायला लागला. तात्यांनी बटणावर बोट ठेवलं, पण त्यांची नजर बटणाकडे नव्हतीच. ते कॉम्प्युटरच्या तोंडावरच्या बारक्या तांबड्या दिव्याकडे बघत होते. डिस्कवर लिहिणं चालू असलं की तो लुकलुकतो. तो लुकलुकत होता तोवर बोट हललं नाही. दिवा शांत झाला आणि मग तात्यांनी खटका पाडला.

"तात्या! थांबलात कशाला?"

"दिवा लागतुया न्हवं? काम चालू व्हतं त्याचं."

"अहो, काम चालू असतानाच बंद करायचं होतं! तेवढ्यासाठीच तर हा सगळा खटाटोप!"

"चालत्या लोडवर खटका मारायचा नस्तो," तात्या म्हणाले. त्यांचा आवाजही चढला. "चाळीस वर्सं कारखान्यात एकदा बी म्या मारला न्हाई. मशीन जळतं. आणि तू कुठं तसं सांगितलं? वीस येळा बंद कर म्हणलीस. केलं की वीस येळा."

माझं डोकं फिरलं. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, लाज वाटते. मी दमल्यावर तात्या एवढंच म्हणाले, "मंग आता शिकव. कशाला मारायचा ते तरी सांग."

मी सांगितलं नव्हतं हे खरंच होतं. दोन वर्षं ते मला विचारतायत की नेमकं काय करतेस, आणि दोन वर्षं मी म्हणतेय, जाऊ द्या तात्या, तुम्हाला नाही कळायचं. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्या शेजारी खाली बसून सगळं सांगितलं. फाइल म्हणजे काय, दोनदा थांबणं म्हणजे काय, ते मी का काढलं. तात्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "दुसऱ्यांदा थांबायचं कुणीतरी ठिवलं व्हतं, त्याला इचारलंस का, का ठिवलं?"

नव्हतं विचारलं.

मग मी स्वतः बटण दाबलं, दिवा लुकलुकत असताना. चौथ्याच खेपेला शून्यं. पंचाहत्तर खराब. पुढचं आता घसरणच होती. बासष्ट खराब, छप्पन्न चांगला, एकोणसाठ चांगला. हे दोन 'चांगले' मी चाळीस चाळीस वेळा करून बघितले, बोट सुजेपर्यंत. उरले साठ, एकसष्ट आणि बासष्ट. साठाव्याचं कर्नल बनत होतं तेव्हा मी पडवीच्या पायरीवर बसले होते. रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, टेपवर गाणी लावून. मी चक्क मोजत होते, पुढची ट्रॉली दोन चाकी आली तर माझा पॅच निर्दोष. अशा थराला गेले होते.

साठावा दुसऱ्याच खेपेला खराब निघाला. दुसऱ्यांदा थांबणं फुकटचं नव्हतंच, ते काढल्यावर फाइलीचं नाव आणि आकार आधी पक्के होत होते आणि आतला मजकूर मागे राहत होता.

रविवारी सकाळी मेल लिहिली. चूक माझ्या पॅचची आहे. शहात्तरावा निर्दोष आहे. माझी चाचणी सदोष होती. माझा पॅच काढून टाका, काढल्यानंतरच्या चाचणीचा निकाल सोबत जोडला आहे. तात्यांचा उल्लेख कुठेच केला नाही. चार ओळी लिहायला मला दोन तास लागले. तात्यांनी 'मी थांबत व्हतो' हे सांगायला एक क्षणही घेतला नव्हता. पाठवली आणि वाटलं, अपमान होईल तो होवो, निदान वेळेत झालं. त्या बिचाऱ्यावरचा आळ तरी गेला.

दुपारी त्याचंच उत्तर आलं. शुक्रवारची माझी मेल वाचून त्याने दिवसभर आपला पॅच पुन्हा पुन्हा तपासला होता. त्याला चूक सापडली नाही. पण 'तुम्ही खात्री केली आहे असं लिहिलंत, आणि लोकांच्या फाइली जात होत्या, म्हणून वाट न बघता मीच माझा पॅच काढून घ्यायला सांगितलं,' असं त्याने लिहिलं होतं. तो पॅच शनिवारीच निघाला होता. आता पुन्हा घालायला वेळ नव्हता. जवळजवळ वर्षभराचं त्याचं काम आता पुढच्या कर्नलमध्ये, म्हणजे दोन-अडीच महिन्यांनी. शेवटी त्याने माझे आभार मानले होते. चिकाटीने शोधल्याबद्दल.

मी ती मेल तात्यांना मराठीत वाचून दाखवायला लागले, आणि 'आभार' शब्दापाशी मला हुंदका फुटला. घाबरून तात्या उठले, पाण्याचा तांब्या आणला, माझ्या पाठीवर हात ठेवला.

"अगं, सापडलं न्हवं? कुणाच्या फायली बी जायच्या न्हाईत आता. मंग रडती कशापायी?"

"तात्या, त्यानं मला एका शब्दानं विचारलं नाही हो," मी म्हटलं. "माझ्यावर विश्वास ठेवला त्यानं."