थरथरणारा पट्टा

जळक्या वाळूचा वास आला की कोल्हापुरातल्या, वाळूच्या साच्यात लोखंड ओतणाऱ्या त्या फाउंड्रीतली एक दुपार आठवते. कामगारांच्या मनावरचा ताण कमी व्हावा म्हणून आम्ही ऑफिसातल्यांनी त्यांना मनगटी पट्टे दिले होते, एक मीही घातला होता. छातीचे ठोके वाढले की पट्टा थरथरायचा आणि त्यावर 'मोठा श्वास घ्या' अशी अक्षरं उमटायची. कुणाला जाणवतच नाही म्हणून त्या सकाळी मीच थरथर वाढवून ठेवली होती. ऑफिसात पट्ट्यांवरून येणारे आकडे बघत बसलो होतो, तर भट्टीवरच्या एका जुन्या कामगाराचे ठोके एकशे तीसवर गेले आणि एकदम शून्य झाले. मी उठून धावलो. जिना कसा उतरलो ते ठाऊक नाही. डोळ्यांपुढं तो आडवा पडलेलाच दिसत होता. पण तो उभा होता, लोखंडाच्या रसानं भरलेलं लेडल, ते लांब दांड्याचं भांडं, खाली ठेवून, आणि पट्टा खिळ्याला टांगलेला. "साहेब, रस ओतताना श्वास धरायचा असतोय, न्हायतर धूर छातीत जातोय," तो म्हणाला. "आन् ह्यो नेमका तवाच मनगटाला झटका देतोय. हात हालला की माझा." मी खाली बघितलं. त्याच्या बुटापासून वीतभरावर सांडलेला थेंब अजून लाल होता. आजही माझ्या मनगटावर पट्टा थरथरला, की माझा श्वास आधी अडकतो.