तीन सुरांची ओळ

कॅनडात, ब्रॉसार्डमधल्या एका चर्चच्या बेसमेंटमध्ये दर मंगळवारी कॉयरची, म्हणजे समूहगानाची, तालीम असायची. नागपूरला दहा वर्षं गाणं शिकलेली मी, निवृत्तीनंतर तिथे मोठ्या तोऱ्यात दाखल झाले. बायकांच्या खालच्या आवाजांत, आल्टोत, मला जागा मिळाली. गाणं एका जुन्या इंग्रज संगीतकाराचं होतं. चार आवाज, चौघांच्या ओळी वेगळ्या, वाद्य एकही नाही.

आणि माझा कान आरतीवर वाढलेला, जिथे सगळे एकच चाल गातात. पलीकडे मुख्य चाल सुरू झाली की मी आपली ओळ सोडून तिच्या मागे, वर एक मुरकी फुकट!

"ब्यूटिफुल," गाणं बसवणाऱ्या बाई म्हणाल्या. "बट दॅट्स नॉट युअर लाइन." दोन आठवड्यांत जमलं नाही तर या गाण्याला मी प्रेक्षकांत बसायचं. इकडे मराठी मंडळातल्या झाडून सगळ्यांना मी आमंत्रण देऊन बसले होते.

"तीन सुरांची कसली ओळ!" मी फणकारले.

बाई हसल्या. म्हणाल्या, हा संगीतकार जन्मभर एका लहानशा गावात शाळामास्तर होता. गाणी लिहिली ती शेजाऱ्यांसाठी. गायला आलेल्या कुणालाही त्यानं परत पाठवलं नाही. पाववाल्याच्या बायकोला तीनच सूर जमायचे, म्हणून ही ओळ तिच्यासाठी.

मी घरी आले आणि नवऱ्याला कामाला लावलं. "अहो, मुख्य चाल तुम्ही म्हणा."

"मी? आर यू शुअर?"

चाळीस वर्षं आरतीत मी त्यांना नुसते टाळ वाजवायला सांगत आले होते. ते इतके बेसूर गायले की त्यांच्या मागे जायला माझा कान तयारच होईना. ओळ आपसूक टिकली! पुढे ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करतानाही त्यांचं गाणं चालू.

कॉन्सर्टमध्ये मुख्य चाल सुरेल आली आणि माझा सूर तिच्याकडे घसरू लागला. प्रेक्षकांच्या तिसऱ्या रांगेत पाहिलं, तर हे ओठ हलवत होते, चेहरा नुसता फुललेला. मी शेवटपर्यंत माझ्या तीन सुरांवर राहिले.

परतताना गाडीत हे म्हणाले, "मजा आली गं या दिवसांत. लग्नानंतर पहिल्यांदाच गायलो."

मला फार लाज वाटली.

त्या वर्षी गणपतीत टाळ मी घेतले.