आमच्या दारावरून पुढे जाणारा डबा

बायको गेल्यानंतर तीनेक महिन्यांनी सोसायटीच्या ज्येष्ठ मंडळाच्या अध्यक्षबाई घरी आल्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, बोलायला सडेतोड. मला वाटलं, पुन्हा सांत्वन. पण त्या बसल्या आणि थेट मुद्द्यावर आल्या. शनिवारच्या बैठकीला माणसं येईनाशी झाली होती. मुलुंडमध्ये रिकामा हॉल कोणाला नको असतो? गणपतीपर्यंत हजेरी वाढली नाही तर शनिवारची संध्याकाळ एका डान्स क्लासला देऊ, असं सोसायटीच्या कमिटीने कळवलं होतं. एकदा हॉल गेला की मंडळ संपलंच. तुम्ही एवढं वाचता, काहीतरी सुचवा, असं त्यांचं म्हणणं.

मी हो म्हटलं. त्या दिवसांत मी सगळ्यालाच हो म्हणत होतो. नाही म्हटलं की कारण द्यावं लागतं.

मंडळ खरं तर तिचं होतं. मी तिच्यासोबत जाऊन शेवटच्या खुर्चीत पुस्तक उघडून बसायचो. आता मी लिफ्टजवळ सूचना लावल्या. व्हॉट्सॲपवर रोज सकाळी एक संदेश टाकू लागलो. माझी काही पुस्तकं हॉलच्या कपाटात नेऊन ठेवली. डोळ्यांच्या एका डॉक्टरांचं व्याख्यान ठेवलं, त्या दिवशी हॉल भरला. मोतीबिंदूविषयी सगळ्यांनी सगळं विचारून घेतलं आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तीच सहा-सात डोकी. मला वाईट वाटलं नाही. हॉल भरला तेव्हा बरंही वाटलं नव्हतं.

मंडळाचा एक मोठा स्टीलचा डबा आहे. ज्याची पाळी तो त्यात सगळ्यांसाठी खाऊ करून आणतो. बैठक संपली की रिकामा डबा धुऊन पुढच्या घरी पोचवायचा, म्हणजे पुढचा शनिवार त्या घराचा. दारामागून दार, मजल्यामागून मजला. आमच्या घरी डबा आला की ती आदल्या दिवसापासून वाटली डाळ की खांडवी, यावर माझं मत विचारायची आणि शेवटी स्वतःच्या मनासारखंच करायची.

एका शनिवारी मी बैठकीहून लवकर वर आलो होतो. कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला दार उघडलं तर आमच्याच मजल्यावरचे मालवणकडचे काका डबा घेऊन निघालेले. त्यांच्यानंतर आमचं घर. त्यांनी मला पाहिलं, मान हलवली आणि आमचं दार ओलांडून समोरची बेल वाजवली. समोरच्या वहिनींनी विचारलं असावं, कारण काका हळू आवाजात म्हणाले, "वर्षभर त्यांना नको." ते ऐकू आलं. मी दार लावून घेतलं.

त्यात वावगं काही नव्हतं. ज्या घरात माणूस गेलं तिथे वर्षभर सण नाही, तळण नाही. मग डबा तरी कसा द्यायचा? मंडळाची ही जुनीच रीत. मी आत जाऊन बसलो आणि सवयीने पुस्तक हातात घेतलं, पण डोक्यात बिल्डिंगचे मजले येत राहिले. चौथ्या मजल्यावरच्या बाई छान गायच्या. त्यांचे यजमान जाऊन दोन वर्षं होऊन गेली. तळमजल्यावरचे एक गृहस्थ, सहाव्या मजल्यावरच्या दोघी बहिणी, त्यांतली आता एकच. या सगळ्यांच्या दारावरून डबा पुढे गेला होता. आणि वर्ष संपल्यावर परत कोणी नेला नव्हता. तुमचं वर्ष झालं का, असं कोण विचारणार? आणि झालं हो, असं आपण होऊन कोण सांगणार? ज्याची पाळी नाही तो दुसऱ्यांचं किती शनिवार खाईल? हळूहळू तो यायचाच थांबतो.

दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षबाईंना हे सांगितलं.

"अहो, पण दुःखाच्या घरात डबा कसा ठेवायचा? आम्ही तुमचा विचार करूनच..."

"माहीत आहे," मी म्हटलं. "पण पुढचा माझ्याकडे द्या."

"तुम्हाला काय येतं करता?"

"शेंगा उकडता येतात."

त्या हसल्या नाहीत. समोरच्या वहिनींची पाळी झाल्यावर डबा स्वतः घेऊन आल्या आणि ओट्यावर ठेवून गेल्या.

मी शेंगा उकडल्या. मीठ किती घालायचं ते विचारायला मी आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. मग अंदाजाने घातलं. हॉलमध्ये पहिली शेंग फोडून काका म्हणाले, "मीठ जास्त पडला रे. समुद्रात उकडल्यास काय?" बाकीचे खाली बघायला लागले. माझ्याशी असं कोणी बोललं नव्हतं बऱ्याच दिवसांत. मी म्हटलं, पाणी प्या. शेंगा संपल्या.

रीतीप्रमाणे डबा आता शेजारच्या दारी जायला हवा होता. मी तो धुतला आणि लिफ्टने चौथ्या मजल्यावर गेलो. गाणाऱ्या बाईंनी दार उघडलं. त्या थकल्या होत्या. मला पाहून त्यांना वाटलं, मी बायको गेल्याविषयी काही बोलायला आलो आहे. भेटायला येणं झालं नाही, पाय दुखतात, असं त्या सांगू लागल्या. मी डबा पुढे केला.

त्यांनी तो लगेच घेतला नाही.

"माझं राहून गेलं होतं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, आता मला धरतच नाहीत."

मी म्हटलं, "येत्या शनिवारी तुमची पाळी आहे."

त्यांनी डबा दोन्ही हातांनी घेतला, पोटाशी धरला आणि आत बघून विचारलं, हल्ली किती माणसं येतात. मी म्हटलं, थोडी आहेत, पण तळमजल्यावर आणि सहाव्यावर अजून जायचं आहे मला.

"मग जास्तच करते," असं म्हणून त्या आत गेल्या. दार त्यांनी उघडंच ठेवलं होतं. मी ते बाहेरून ओढून घेतलं आणि सहाव्या मजल्याचं बटण दाबलं.