पिशवीतलं वजन

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी एक बंद पडलेला कारखाना होता आणि त्याच्या गोदामात वटवाघळं राहायची. ऐंशीच्या दशकातल्या एका मे महिन्यात आम्ही पाच-सहा निसर्गवेडे त्यांची नोंद करायला गेलो. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे सर आमचे म्होरके. मी पोस्टात कारकून. आठवडाभर पार्सलं तोलायची आणि रविवारी वाघळं.

तिथले राखणदार म्हणजे गिरणीतली नोकरी गेलेले एक मालवणी काका. पिल्लांचे दिवस आहेत, पावसानंतर या, असं त्यांनी दोनदा सांगितलं होतं. सर कचरले, पण मीच हट्टाला पेटले. परवानगी याच रविवारची, पुन्हा कोण देणार? काकांनी कुलूप काढलं.

हातजाळीत आलेल्या वाघळाचं आधी पोट बघायचं, पिल्लू चिकटलेलं असेल तर तसंच सोडायचं, हा सरांचा नियम. नसेल तर कापडी पिशवीत घालून स्प्रिंगच्या काट्याला टांगायचं, मग हाताच्या हाडाची लांबी मोजून जात ठरवायची. घाईत मी पोट बघितलंच नाही.

माझ्या मादीचं वजन पुस्तकातल्यापेक्षा बरंच जास्त भरलं. लांबी मात्र तंतोतंत पुस्तकातली. मला वाटलं, काहीतरी वेगळंच घबाड हाती लागलंय. त्या भरात ती हातातून निसटून छपरात गेली. मी वही घेऊन सरांकडे धावले.

सरांनी आकडे वाचले आणि विचारलं, "पिशवी कुठाय?"

रिकामी म्हणून खिळ्याला अडकवलेली पिशवी हलत होती. काका तिच्यापाशी उभे होते. आत अंगठ्याएवढं, उघडं पिल्लू होतं. सर म्हणाले, आईने घेतलं नाही तर उद्यापर्यंत जगणार नाही. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात क्वचितच वाटली असेल.

काकांनी खांद्यावरचा पंचा खिळ्याला टांगला, पिल्लू त्यावर उलटं चिकटवलं आणि सगळ्यांना बाहेर काढलं. मला मात्र दाराशी बसवून ठेवलं. पिल्लाचं तोंड उघडत-मिटत होतं, आवाज काही आमच्या कानांना ऐकू येत नव्हता. अर्धा तास गेला असेल. मी देवाला नको ते सगळं कबूल केलं.

मग छपरातून एक वाघूळ खाली आलं, दोनदा घिरट्या घालून गेलं आणि तिसऱ्यांदा पंच्यावर बसलं. पिल्लू सरपटत तिच्या पोटाखाली शिरलं. दोघं वर गेली, तेव्हा मी रडत होते.

वही उघडून मी तो आकडा खोडायला घेतला. काकांनी हात आडवा केला.

"खोडू नको गे. ता वजन खरा आसा. दोघांचा आसा."

मी पुढे 'दोघांचं' असं लिहिलं. पावसानंतर या, असं ते तिसऱ्यांदा म्हणाले. मी हो म्हटलं.