साइड हीरोचं लेबल

आमच्या लॅबमध्ये रिझल्टपेक्षा किस्से जास्त साठतात. रिझल्ट रिपीट व्हायला महिने लागतात, किस्सा रोज चहाला रिपीट होतो!

मी डोंबिवलीची, मानपाड्याची, एमएस्सी ठाण्याला. प्रोजेक्ट ॲस्ट्रोसाइट्सवर, म्हणजे मेंदूतल्या ताऱ्यासारख्या पेशी. न्यूरॉन बोलतात आणि या नुसती त्यांची उठबस करतात, असं बरीच वर्षं मानायचे. आमचे गाइड गद्रे सर म्हणतात, "उठबस कसली? मध्ये बोलतात चक्क!" एकीचा सिग्नल शेजारणीकडे जातो, एवढं मला डिशमध्ये दाखवायचं होतं. सिग्नल आला की पेशी चमकते. व्हायवा तीन आठवड्यांवर, आणि डिशमध्ये अमावस्या!

*

तेवढ्यात शेजारच्या नेने काकू मुलाची पत्रिका घेऊन आलेल्या. "तुझं ॲस्ट्रोचंच चाललंय ना? याचा लग्नाचा योग बघ."

आई म्हणाली, "आधी तिला व्हायवाचा बघू दे!"

*

डायस काका आमचे लॅब अटेंडंट. सरांनी सांगितलं, न्यूरॉनच्या आणि ॲस्ट्रोसाइटच्या डब्यांना लेबलं लावा. काकांनी लावली: 'हीरो' आणि 'साइड हीरो'.

सर बघतच राहिले. काका म्हणाले, "स्पेलिंग चुकण्यापेक्षा बरं ना?"

*

मी कशालाही दचकते. म्हणून काका कॉरिडॉरपासूनच खोकत येतात. एकदा मी मायक्रोस्कोपवर असताना खोकायचे विसरले आणि थेट माझ्या मागे येऊन शिंकले! मी किंचाळले, सुई हलवायचा नॉब फिरला, काचेची बारीक सुई एका पेशीला टेकली. मेले! मी डोळेच मिटले.

"अगो बाय, डोळे उघड!" काका ओरडले.

स्क्रीनवर ती पेशी चमकलेली. मग शेजारची. मग तिच्या शेजारची...

सर धावत आले. "परत दचक!"

"सर, ठरवून कसं दचकू?"

मग ठरवून सुईच टेकवली. नवी डिश, परत तीच चमकती लाट. अजून एक, परत लाट!

*

व्हायवाला परीक्षक म्हणून बाहेरच्या मॅडम. चेहरा इस्त्रीचा. "शीर्षकात मेमरी लिहिलीय. यात मेमरी कुठे आहे?"

"माझ्या डिशमध्ये नाही, मॅडम. इथे फक्त सिग्नल आहे. पण मेंदूत असे सिग्नल न्यूरॉनमधले जोड पक्के करायला मदत करतात, आणि जोड टिकले तर आठवण टिकते. म्हणजे मॅडम, हा साइड हीरो..."

जीभ चावली. सरांनी कपाळावर हात मारला.

मॅडमनी चष्मा काढला. "साइड? का?"

हायेस्ट मार्क्स!

*

दुसऱ्या दिवशी इनक्युबेटर उघडला. ॲस्ट्रोसाइटच्या डब्यावरचं 'साइड' मार्करने खोडलेलं. न्यूरॉनच्या डब्यावर नवं लेबल, काकांच्या अक्षरात: 'पाहुणा कलाकार'.