सनाने अडवलेली वाट

आज सौदीतल्या अल-खोबर शहरातल्या पंपावर पेट्रोलचा आणि तापल्या वाळूचा एकत्र वास आला आणि मला बारा वर्षांची सना आठवली.

हिवाळ्यातल्या शुक्रवारी मी माझ्या या लेकीला शहराबाहेरच्या वाळूत चार जाड चाकांची क्वाड बाइक चालवायला शिकवायचो. "हिरवं दिसेल तिथं चाक घालायचं नाही," हा माझा पहिला नियम. एकदा माझ्या साहेबांची तीन मुलं आपापल्या बाइक घेऊन तिथे आली आणि थेट झुडपांकडे सुसाट निघाली. सनाने आपली बाइक त्यांच्यापुढे आडवी घातली.

"इधर से मत जाओ, नीचे जानवरों के बिल हैं!"

मुलांबरोबर आलेले साहेब गाडीजवळून बघत होते. "सना, बाजूला हो!" मी ओरडलो.

"अब्बा, तुम्हीच शिकवलंत ना?" ती जागची हलली नाही.

थोरल्या मुलाने इंजिन बंद केलं. "फिर किधर से जाएँ?"

सना जुन्या चाकोरीवरून पुढे निघाली आणि तिघंही तिच्यामागे रांगेत गेले. साहेब नुसते हसले.

तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आज मात्र ऊर भरून येतो. नियम माझा होता. पण तो पाळायची वेळ आली तेव्हा मी कचरलो, माझी लेक नाही.