पहिल्या वेलांटीची लाज

इंग्रजी भाषेवर खुद्द इंग्रजांनी केले नसतील इतके संस्कार आमच्या अकोटच्या मावसाजींनी केले. आधी शाळेत आणि निवृत्तीनंतर घरच्या पुढच्या खोलीत त्यांनी जी इंग्रजी शिकवली, ती अंगभर पदर घेतलेली होती. तिच्यात कोंबडा नव्हता. ‘हेन्स हसबंड’, म्हणजे कोंबडीचे यजमान होते. पानाला ‘बॉटम’ नसायचं, पानाचे पाय असायचे. ‘प्रेग्नंट’ हा शब्द आला की ते फळ्याकडे तोंड करून ‘घरी आनंद आहे’ एवढंच म्हणत, आणि मुलं ते तसंच वहीत उतरवून घेत. वरूडच्या एका विद्यार्थ्याने पुढे घराजवळ बदली मिळाल्यावर साहेबाला पत्र लिहिलं, की आमच्याकडे वडिलांसह सगळेच प्रेग्नंट आहेत.

पण खरी धास्ती होती ती ‘शीट’ची. आपल्याकडे बोलताना वेलांटी पहिली की दुसरी याचा कोण विचार करतो? ‘शीट ऑफ पेपर’ म्हणताना ई जरा आखूड झाली की त्या कागदाचं काय होतं, हे मावसाजींना ठाऊक होतं. म्हणून त्यांच्या वर्गात शीट नव्हतीच. कागदाचा ताव होता, छपराचा पत्रा होता, गादीवर पलंगपोस होता. आणि आखूड उच्चाराचा तो दुसरा शब्द इंग्रजीत आहे, हे त्यांनी मुलांना कळूच दिलं नाही. त्यांच्या वाक्प्रचारांच्या वहीत सत्तेचाळीस या आकड्यापुढे कोरी ओळ होती. कोणी विचारलंच तर म्हणायचे, “तो आपल्या इकडच्या हवामानाले जमत नाही.”

गंमत अशी की मराठीत हे सोवळं अजिबात नव्हतं. मावशी अंगणात उभी राहून गाईपासून भाच्यापर्यंत सगळ्यांच्या पोटाची चौकशी खणखणीत वऱ्हाडीत करायची आणि मावसाजी शांतपणे पेपर वाचत बसायचे. मी एकदा छेडलं तर म्हणाले, “मराठीत चालते रे. इंग्रजीत इज्जत जाते.” गावाचंही हेच मत असावं. एसटी चुकली की कंडक्टरच्या सात पिढ्या उद्धरणारे पालक मुलांना हट्टाने याच वर्गात घालायचे, कारण सर घाण बोलत नाहीत.

हे सोवळं अंगाशी आलं ते त्यांच्या एकुलत्या एका मुलीच्या, वैशूच्या. तिला अमरावतीला एका कंपनीत नोकरी लागली. काम काय, तर विलायतेतल्या गिऱ्हाइकांच्या फोनला उत्तरं द्यायची. सहा महिने नीट काढले की नोकरी कायम. पाचव्या महिन्यात तिकडचा एक साहेब फोनवर ओरडला, की द शिट हॅज हिट द फॅन. वहीतली सत्तेचाळिसावी कोरी ओळ ती हीच. वैशूने दीर्घ शीटसुद्धा बापाच्या चोरून ऐकलेली, आखूड तर माहीतच नाही. तिने आवाज गोड ठेवून विचारलं, “सर, एकच शीट की जास्त? प्लीज, आधी फॅन बंद करा.” साहेबाला वाटलं पोरगी थट्टा करते. त्याने तक्रार केली आणि मोठ्या मॅडमनी वैशूला सोमवारी भेटायला बोलावलं.

रविवारी ती अकोटला आली ती रडतच. मी नेमका तिथे जेवायला होतो. “बाबा, सारं ऑफिस हासून राहिलं मले. तुमी काहून नाही सांगतलं?”

मावसाजींनी सवयीने भिंतीकडे तोंड केलं. मावशीच कडाडली, “अवो, सांगा ना सरळ! पंख्यावर गू पडला म्हणा! त्यात लाजाचं काय हाय?”

“शब्द तू सांगतला,” मावसाजी म्हणाले, “अर्थ कोण सांगन?” ते उठले, पंखा पाचवर केला, पिठल्याची पळी भरून घेतली, पंख्याच्या बरोबर खाली उभे राहिले आणि पिठलं वर उडवलं. माझा सदरा गेला, मावशीचं लुगडं गेलं, छत पिवळं झालं, भिंतीवरचा त्यांचाच सत्काराचा फोटो दिसेनासा झाला. “कोणं फेकलं, काहून फेकलं, पंखा इचारत नाही, बेटा,” ते म्हणाले. “झाकलेली भानगड उघडी झाली का खोलीत हाय त्या सगळ्याईले भेटते.” ते स्वतः मात्र कोरडे होते. फेकणारा बरोबर मध्ये उभा असला की त्याच्या अंगावर काही येत नाही, हे मला पुढे ऑफिसात पुष्कळदा आठवलं.

वैशूने मॅडमना हे सगळं पिठल्यासकट सांगितलं. मॅडम हसल्या, नोकरी टिकली, पुढे ती पुण्याच्या शाखेत गेली. तेव्हापासून बापलेकीच्या फोनला एकच सुरुवात. मावसाजी विचारायचे, “पंखा कसा हाय?” ती म्हणायची, “साफ हाय, बाबा.” मुलीला ‘सुखात आहेस ना’ असं थेट विचारणं त्यांना कोणत्याच भाषेत जमलं नव्हतं. छताला रंग द्यायलाही ते तयार नव्हते.

गेल्या महिन्यात फोन आला तेव्हा मी तिथेच मुक्कामाला होतो. ओट्यावर त्यांचे दोन जुने सहकारी चहा घेत होते. “पंखा कसा हाय?” मावसाजींनी विचारलं. पलीकडून नुसते हुंदके. पुण्याची शाखा बंद झाली होती, वैशूची नोकरी गेली होती. तिला बोलवेना. मावसाजी उभे राहिले आणि त्या दोन निवृत्त शिक्षकांच्या देखत, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “बेटा, द शिट हॅज हिट द फॅन!” वेलांटी पहिली, उच्चार चोख. चहा पिणाऱ्या एकाला ठसका लागला. “हॅज हिट. प्रेझेंट परफेक्ट. म्हंजे पडून गेलं. आता पुसाचं तेवढं राहिलं. सकाळच्या गाडीनं येतो मी.”

फोनमध्ये वैशू रडता रडता हसली. 

सकाळी निघताना मावशीने त्यांच्या पिशवीत जुन्या लुगड्याचं धुतलेलं फडकं घातलं. हे कशाला, म्हणून मी विचारलं.

“पुसाले चालले ना ते?” डोळ्यांना पदर लावत ती म्हणाली. “पुण्यात कुठी भेटते इतकं मऊ फडकं?”